चौदा पावलांचा ठिपका

मित्रांनो, मैदानावरची पांढरी रेघ तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. चेंडू तिच्या आत होता की बाहेर, यावरून भांडलाही असाल. पण ती रेघ ओढली कुणी, हे विचारायला कुणी थांबत नाही. ती मी ओढली. मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. ती माझ्या पोटात भरायची, मागून मला ढकलायचं, आणि मी पोटाखालच्या फटीतून ती जमिनीवर सांडत जायची. एवढंच माझं काम. दिसायला मी म्हणजे पत्र्याच्या डब्याला चाक फुटावं तशी.

मला एका वेल्डरनं बनवलं. त्याचा जन्म खिडक्यांच्या जाळ्या जोडण्यात गेला होता. डबा त्याच्याकडं पडूनच होता, दांडा एका मोडक्या खाटेचा निघाला, आणि चाकासाठी त्यानं लोखंडाची पट्टी गोल वाकवून तिची दोन टोकं जोडली. जोडावर एक उंचवटा राहिला.

"घासून देऊ का?" त्यानं विचारलं.

तेव्हाचे मैदानवाले म्हातारे होते. ते म्हणाले, "राहू दे. हिला कुठं लग्नात मिरवायचंय."

तो उंचवटा राहिला, आणि मला मोजता यायला लागलं. चाकाचा एक फेरा झाला की जोड जमिनीला लागून टक असा आवाज होतो. मैदानाच्या लांबीचे, रुंदीचे, कोपऱ्यातल्या पाव वर्तुळाचे, सगळ्यांचे टक मला पाठ आहेत. गोलाच्या रेघेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत बरोबर दहा. हे दहा टक लक्षात ठेवा. पुढं त्यांचंच सगळं झालं.

पेनल्टी म्हणजे काय, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. न खेळणाऱ्यांसाठी सांगते. गोलासमोरच्या चौकटीत कुणी आडदांडपणा केला की समोरच्या संघाला एक फुकटची लाथ मिळते. चेंडू त्या ठिपक्यावर ठेवतात. एक मारणारा, एक अडवणारा, मध्ये अकरा मीटर मोकळी जमीन. बाकीचे सगळे लांब उभे राहून बघतात. बघणाऱ्याला ते सोपं वाटतं. सोपं कुणालाच नसतं.

म्हातारे मैदानवाले थकले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे यजमान लांबच्या मालगाड्या चालवायचे. महिन्यातून चार दिवस घरी. मैदानाच्या सामानखोलीमागं दोन खोल्या होत्या, तिथं त्या आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी राहायला आल्या. खेळायला येणारे त्यांना मावशी म्हणू लागले, म्हणून मीही मावशीच म्हणते.

पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांनी त्यांच्या हातात मापाची टेप दिली. मावशींनी ठिपक्याचं अंतर टेपनं मापलं आणि मग तेच अंतर चालून पाहिलं. बरोबर चौदा पावलं भरली. त्यांनी परत चालून पाहिलं. परत चौदा. त्यांना ते फार आवडलं. त्यांच्या आईनं त्यांना कामाला लय असावी असं शिकवलं होतं, म्हणून त्यांनी त्या चौदा पावलांचं एक गाणं बांधलं, एका शब्दाला एक पाऊल:

पाऊल पाऊल चाल बाई, पांढरी रेघ ओढ,
दारापासनं मोज चौदा पावलं, तिथं ठिपका सोड.

"सोड" म्हणताना त्या मला थांबवायच्या, मूठभर फक्की घ्यायच्या आणि खाली ठेवायच्या. माझे तेव्हा दहा टक झालेले असायचे. दुसऱ्या वर्षी टेप गंजली आणि डबीतून बाहेर येईना. मावशींनी ती फेकून दिली. "टेपला गंज चढतो," त्या म्हणाल्या, "पायाला नाही चढत."

मित्रांनो, पायालाही चढतो. फक्त तो दिसत नाही.

चार वर्षांनी एका सकाळी मावशी पाणी द्यायच्या नळीवरून अडखळल्या आणि गटाराच्या झाकणावर गुडघ्यावर पडल्या. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. पंधरा दिवसांनी सूज उतरली, आखडलेपण राहिलं. त्या लंगडत नव्हत्या. पाऊल मात्र थोडं आखूड पडू लागलं, पहिल्या वर्षी बोटभर, मग दोन बोटं, मग चार. आपलं पाऊल केवढं पडतं हे आपल्याला कधीच कळत नाही. गाणं तेच, पावलं तीच चौदा. माझे टक मात्र दहाचे साडेनऊ झाले आणि पुढं नऊ.

तुम्ही विचाराल, मैदानाच्या बाकीच्या रेघा कशा चुकल्या नाहीत? त्या जुन्या रेघांवरूनच परत ओढल्या जातात. चुन्यानं खालचं गवत जळलेलं असतं, वाट आपोआप सापडते. ठिपक्याचं तसं नाही. तिथं दर सामन्याला बुटांची टोकं माती उकरतात. आठवड्याच्या शेवटी तिथं खड्डा उरतो, मावशी तो माती टाकून बुजवायच्या आणि नव्यानं चौदा पावलं चालायच्या. अख्ख्या मैदानात तेवढी एकच खूण दर आठवड्याला पुसली जायची आणि दर आठवड्याला नवी जन्माला यायची. चूक तिथंच शिरली.

कुणी बोललंही नाही. मारणाऱ्याला ठिपका जवळ पडला, तो कशाला तक्रार करेल? बाहेरून आलेले गोलरक्षक म्हणायचे, "तुमच्याकडं चेंडू जरा लवकर येतो." आमचे लोक हसून म्हणायचे, "वारं तिकडचं आहे." मी सगळं मोजत होते. पण माझ्या पोटात फक्की होती, शब्द नव्हते.

या सगळ्यात मावशींची मुलगी वाढत होती. ती पडायला घाबरत नसे, म्हणून मोठ्या मुलांनी तिला एके दिवशी गोलात उभी केली, आणि मग ती तिथून हललीच नाही. शाळेतून आली की दप्तर माझ्या दांड्याला अडकवायची आणि गोलात जायची. गावातल्या संघात पेनल्टी मारायला एक पोस्टमन होता. सगळे त्याला पोस्टमनच म्हणायचे. टपाल वाटायचं काम त्याचंच होतं. त्याच्या लाथेची सगळीकडं दहशत होती. ती बारा वर्षांची असताना तिनं त्याचे लागोपाठ तीन चेंडू अडवले.

पोस्टमन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मावशी, ही मुलगी आहे की दाराला लावलेली कडी?"

तेव्हापासून तिचं नाव कडी पडलं. शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना एकदा चुकून तेच म्हणाल्या.

ती चेंडू कशी अडवायची, हे मला माझ्या जागेवरून नीट दिसायचं. चेंडूची वाट बघायला तिच्याकडं वेळच नसायचा. मारणाऱ्याची कंबर कुठं वळते, टेकलेल्या पायाचा अंगठा कुठं बघतो, एवढं पाहून ती लाथ बसायच्या आधीच झेप घ्यायची. जवळच्या ठिपक्यानं तिला ते शिकवलं होतं. ज्या घराला अंगण नाही, त्या घरातलं माणूस दार वाजायच्या आधीच उठून उभं राहतं, तसं.

सोळाव्या वर्षी तिला मोठ्या शहरातल्या एका व्यावसायिक क्लबनं चाचणीसाठी बोलावलं. तिथं मुलींचा संघ होता, त्यातल्या खेळाडू करारावर सह्या करून खेळायच्या, खेळणं हीच त्यांची नोकरी होती. गोलरक्षकाची एक जागा रिकामी होती. त्यासाठी दोघींना सहा महिने ठेवून घेतलं: कडीला, आणि दुसऱ्या गावच्या एका खूप उंच मुलीला, जिला सगळ्या शिडी म्हणायच्या. सहा महिन्यांनी दोघींतली एक राहणार होती.

कडी दर रविवारी बसनं घरी यायची. सामानखोलीत पाय पसरून बसायची, मावशी माझ्या फटीत अडकलेली फक्की तारेनं काढत असायच्या, आणि दोघी बोलायच्या. पुढचं बरंचसं मी तिथं ऐकलेलं आहे.

पहिले दोन महिने ती आनंदात होती. उंचावरून येणारे चेंडू, पायात घुसून काढायचे चेंडू, सगळ्यात ती शिडीपेक्षा सरस ठरत होती. पण तिथल्या कोचची एक रीत होती. दर शुक्रवारी दोघींनी दहा-दहा पेनल्टी घ्यायच्या आणि अडवलेल्यांचा आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. कोचचं म्हणणं असं, की बाकी खेळात पाय दिसतात, पेनल्टीत माणूस दिसतो.

फळ्यावर शिडीच्या नावापुढं तीन, चार, तीन असे आकडे पडत होते. कडीच्या नावापुढं शून्य, एक, शून्य.

"मी आधीच पडलेली असते, आई," कडी म्हणाली. "त्या मुली मारायच्या आधी माझ्याकडं बघतात. मी डावीकडं गेले की हळूच उजवीकडं सरकवतात. हसत हसत."

"मग जाऊ नकोस आधी."

"ठरवून उभी राहते. पाय ऐकत नाहीत."

"इथं तर पोस्टमनचे दहातले सहा अडवतेस."

"इथं अडवते. तिथं नाही. सर म्हणाले, तुझी गुणवत्ता चांगली आहे, पण तू घाबरतेस. घाबरणारीला मी गोलात ठेवू शकत नाही."

मावशींनी तार बाजूला ठेवली. "घाबरतेस का?"

कडीनं हातातला मोजा उलटा केला, परत सुलटा केला. मग म्हणाली, "मला वाटायचं नाही घाबरत. आता माहीत नाही."

मला त्या दिवशी वाचा असती, तर मी तीन शब्द बोलले असते. दहाचे नऊ झालेत. पण वस्तूंचं असंच असतं. आम्हाला माहीत असतं, आणि आम्ही गप्प उभ्या असतो.

साडेचार महिने संपले. एका शुक्रवारी मावशी कुणाला न सांगता सकाळच्या बसनं क्लबच्या मैदानावर गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी नंतर पोस्टमनला सांगितलं, माझ्यासमोर. त्या जाळीच्या कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. कडीच्या दहा पेनल्टी पाहिल्या. दहाही गोल झाले. पण मावशी मैदानवाल्या. त्यांची नजर आधी रेघांवर जायची. त्यांना वाटलं, ठिपका लांब टाकलाय.

त्या सरळ आत गेल्या. तिथले मैदानवाले एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. मावशी त्यांना म्हणाल्या, "दादा, तुमचा ठिपका चुकलाय. मीटरभर लांब आहे."

"बाई, कालच मापलाय."

"मी अकरा वर्षं ठिपका टाकते. थांबा, दाखवते."

आणि सगळ्या खेळाडूंसमोर, कोचसमोर, मावशी गोलाच्या रेघेवर टाच टेकवून चालू लागल्या. पुटपुटत, एका शब्दाला एक पाऊल. चौदावं पाऊल पडलं तेव्हा ठिपका अजून त्यांच्यापुढं एका मोठ्या पावलावर होता. मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. कुणीतरी म्हणालं, "कडीची आई गाणं म्हणून माप घेते." कडी बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकली आणि वर बघेचना.

टकले मैदानवाले हसले नाहीत. त्यांनी खिशातून टेप काढली, एक टोक मावशींच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ठिपक्यापर्यंत गेले. अकरा मीटर. बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. मग ते जवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, गुडघ्याला काय झालंय तुमच्या?"

मावशी पोस्टमनला म्हणाल्या, "त्यांनी तेवढं विचारलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिथल्या तिथं कळलं मला."

पोस्टमन डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे इथला ठिपका..."

"इथला चुकलाय. किती वर्षं, ते देवाला ठाऊक."

"मग माझे एकोणतीस गोल?"

"गोल तुझेच. त्यातला मीटरभर माझा."

पोस्टमननं पिशवी उचलली आणि दोन दिवस तो आमच्या मैदानाकडं फिरकला नाही.

टेप टकल्या मैदानवाल्यांनी मावशींनाच दिली होती. "माझ्याकडं दुसरी आहे," ते म्हणाले होते. रविवारी कडी आली ती तोंड फुगवूनच. पिशवी आपटली. "सगळ्यांसमोर कशाला चालायचं होतं तुला? दोन दिवस झाले, मला गाणं म्हणून दाखवतायत."

मावशींनी टेप उलगडली. टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं. "गोलाच्या रेघेवर धर."

मी कोपऱ्यात उभी होते. मावशी ठिपक्यापर्यंत गेल्या आणि खाली बसल्या. "ये, आकडा वाच. मला चष्मा नाही."

चष्मा त्यांच्या पदराला अडकवलेला होता. कडीनं टोक दगडाखाली ठेवलं, आली, वाकली.

"नऊ मीटर नव्वद."

 एक कावळा गोलाच्या आडव्या दांडीवर बसला, बघून उडून गेला.

"तू घाबरत नव्हतीस, कडे," मावशी म्हणाल्या. "तुझ्याकडं चेंडू लवकर यायचा, म्हणून तू लवकर निघायचीस. दुसरं काय करणार होतीस? चूक माझ्या पायाची आहे."

"किती वर्षं?"

"मी पडले तेव्हापासनं असेल."

"सात," कडी म्हणाली. "सात वर्षं, आई. मी तिथं रोज स्वतःला घाबरट म्हणत होते. शेवटी तेच खरं वाटायला लागलं."

ती जेवली नाही. दुपारच्याच बसनं निघून गेली. मावशी त्या दिवशी ठिपक्यापाशी फावडं घेऊन गेल्या आणि जुनी जागा खणून, माती भरून, वर गवताची चकती लावली. मग टेप लावून नवा ठिपका टाकला. मला सोबत नेलं होतं. दहा टक भरले. सात वर्षांनी. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पत्र्याला आनंद होत नाही. पण चाक हलकं फिरलं.

पुढच्या रविवारी कडी पहिल्या बसनं आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. हातमोजे घातले आणि गोलात जाऊन उभी राहिली. पोस्टमनही आला होता. राग गिळून की कडीचे गुण आठवून, कोण जाणे. त्याला सांगितलं होतं, आता बघून मारायचं, ती हलली की दुसरीकडं.

पहिल्या रविवारी चाळीस चेंडूंत तिनं दोन अडवले. पाय खरोखरच ऐकत नव्हते. मन म्हणायचं थांब, आणि अंग आधीच हवेत. एकदा जमिनीवर पडल्या पडल्या ती मातीवर मूठ आपटत म्हणाली, "हे अंग माझं नाहीच."

मावशी पदर खोचून गोलात शिरल्या. कडीच्या मागं उभ्या राहिल्या आणि तिच्या जर्सीचं पाठीमागचं टोक मुठीत धरलं.

"मावशी, चेंडू लागेल तुम्हाला," पोस्टमन म्हणाला.

"तू मार. मला लागायला आधी तो गोलात तर यायला पाहिजे."

त्यानं मारला. कडी निघाली, जर्सी ताणली, ती जागीच अडकली. लाथ बसल्याचा आवाज झाला आणि मावशींनी मूठ सोडली. चेंडू तोवर जाळीत. परत. परत तेच. त्या दिवशी मावशींच्या खांद्यावर दोन आणि कानावर एक चेंडू बसला. कान लाल झाला. पोस्टमन माफी मागायला लागला, तर म्हणाल्या, "टपाल पोचलं. पुढचं पाठव."

असे रविवार गेले. दुसऱ्या रविवारी चाळीसात पाच. तिसऱ्या रविवारी जर्सीचं टोक फाटून मावशींच्या हातातच राहिलं, आणि त्या दिवशीही पाचच. क्लबच्या फळ्यावर तोवर एकदा एक आणि परत शून्य पडलं होतं. चौथ्या रविवारी मावशींनी मूठ धरली होती, पण जर्सी एकदाही ताणली गेली नाही. मला ते कोपऱ्यातून दिसत होतं. मावशींना हाताला कळत होतं. त्यांनी कडीला न सांगता मूठ सोडून दिली आणि नुसत्या मागं उभ्या राहिल्या. त्या दिवशी तिनं अकरा अडवले. जवळच्या ठिपक्यानं तिला तिखट झेप दिलीच होती. आता झेपेआधी थोडा वेळही हाताशी आला. अंगण मिळालं.

दरम्यान मावशींनी आणखी एक काम केलं. आमच्या मैदानावर खेळून गेलेल्या शेजारपाजारच्या नऊ संघांना त्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या. वाटल्या अर्थातच पोस्टमननं. चिठ्ठीत एवढंच होतं, की आमचा पेनल्टीचा ठिपका सात वर्षं जवळ होता, चूक माझी आहे, आता दुरुस्त केला आहे, कुणाला मापायचा असेल तर यावं. दोन संघ टेप घेऊन आले. एका कप्तानानं जुना करंडक परत मागितला. मावशींनी तो पुसून त्याच्या हातात दिला. तो आठ दिवसांनी स्वतःच परत आणून ठेवून गेला.

शेवटचा शुक्रवार आला. त्या दिवशी निकाल होता. आमच्याकडं शनिवारी सामना होता, म्हणून मावशी दुपारपासून रेघा ओढत होत्या. त्या बोलत नव्हत्या, गातही नव्हत्या. आम्ही मैदानाच्या लांबच्या कडेची रेघ अर्धी केली होती, तेवढ्यात फाटकातून कडी आत आली. पिशव्या दोन होत्या. शुक्रवारी ती कधीच येत नसे. सगळं सामान घेऊन तर नाहीच.

मावशींनी तिला पाहिलं. रेघ ओढताना मध्येच थांबता येत नाही, मित्रांनो. थांबलं की फटीतून फक्की सांडत राहते आणि तिथं ढीग होतो. म्हणून त्या थांबल्या नाहीत. पण माझ्या दांड्यावरचे त्यांचे हात थरथरायला लागले, आणि मी डावीकडं, उजवीकडं अशी जाऊ लागले. कडी मैदान ओलांडून आली आणि बाजूनं चालू लागली.

"किती?" मावशींनी समोर बघतच विचारलं.

"चार."

"आणि शिडी?"

"पाच."

चाक आणखी वाकडं गेलं. आम्ही पुढं जात राहिलो.

"असू दे," थोड्या वेळानं मावशी म्हणाल्या. "चारही काही कमी नाहीत. सामान सगळं आणलंस?"

"हो. उद्या नवी खोली मिळणार आहे. आधीची रिकामी करायला सांगितली."

मावशींना ते लगेच कळलं नाही. मलाही नाही. "कसली नवी खोली?"

"करार झालेल्यांची वेगळी असते." कडी जमिनीकडं बघत बोलत होती, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय. "सरांनी फळ्यावरचे सगळे शुक्रवार वाचले. म्हणाले, शिडी पहिल्या दिवशी चारच्या आसपास होती, आजही आहे. तू शून्यावरनं चारवर आलीस, आणि जे सहा गोल झाले त्यातही एकदा आधी हलली नाहीस. म्हणाले, बाकी खेळ तर तुझा आधीपासनंच चांगला होता. मग विचारलं, कुणी शिकवलं?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, ज्या बाई गाणं म्हणत आल्या होत्या, त्यांनी."

मावशी कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत गेल्या. तिथं मला थांबवलं, माझी फट बंद केली, आणि मगच वळून लेकीला जवळ घेतलं. दोघींच्या कपड्यांना फक्की लागली.

मागं ती रेघ पडली होती. अर्धी ताठ, अर्धी पाण्यातल्या सापासारखी. पोस्टमन संध्याकाळी आला आणि बघतच राहिला. "मावशी, हे काय? पुसून परत ओढू का?"

"राहू दे," मावशी म्हणाल्या.

शनिवारचा सामना त्या वाकड्या रेघेवर झाला. दोनदा भांडणं झाली, चेंडू आत की बाहेर. पंचांनी मावशींकडं पाहिलं. मावशींनी आभाळाकडं पाहिलं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. कडी पहिल्या संघाची गोलरक्षक आहे. पेनल्टीला ती इतकी स्थिर उभी राहते, की मारणारीच गोंधळते आणि कधीकधी चेंडू सरळ तिच्या छातीवर मारते. बघणारे म्हणतात, मारणारीनंच माती खाल्ली. कडी काही बोलत नाही. आमच्या मैदानावर आता रंग फवारणारं यंत्र आलं आहे. मी सामानखोलीच्या दाराशी असते. माझ्या डब्याला तळाशी दोन भोकं पडली आहेत आणि चाक गंजानं बसलं आहे. गेल्या महिन्यात मैदानावर सराव करणाऱ्या लहान मुली मला ढकलायला आल्या, तेव्हा मी जागची हलले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात असेल. तिच्या चाकाला थेंबभर तेल घाला, तिच्यावरची धूळ पुसा. तिनं तुमचं बरंच काही मोजलेलं असतं. आणि ज्या गोष्टीची तुम्हाला अगदी खात्री आहे, ती वर्षातून एकदा तरी टेप लावून बघा. चूक निघाली तर लाजू नका. ज्याला तिचा त्रास झाला असेल, त्याला आधी जाऊन सांगा, आणि मग त्याच्या मागं उभे राहा. कानावर चेंडू बसला तरी चालेल.

ती वाकडी रेघ पुढच्या दोन कापण्यांत गवताबरोबर गेली. आज तिथं काही दिसत नाही. मावशी मात्र त्या कडेनं जाताना अजूनही चार पावलं डावीकडून, चार उजवीकडून चालतात.